तीनच्या भोंग्याचा सा

बुवा, पालघरला तुमची शोकसभा झाली. चौघे बोलले आणि चौघांनीही फिरून फिरून तेच सांगितलं, की दामूबुवा मुंबईला असते तर कुठच्या कुठे गेले असते. पाचवी मी बोलणार होते. नाव पुकारलं, मी उठले, माइकपाशी गेले आणि ‘मला बोलवत नाही’ म्हणून परत येऊन बसले. लोकांना वाटलं, रडू आलं. रडू नाही, राग आला होता. कुठच्या कुठे म्हणजे कुठे, हे एकदा मला कुणीतरी सांगावं. आपल्या केळवे-माहीमच्या वाडीतून बोईसरच्या कारखान्यापर्यंत तुम्ही इतकी वर्षं स्कूटर हाकलीत आणि दुपारी साडेतीनला क्लासच्या सतरंजीवर येऊन बसलात. जिथे जायचं होतं तिथे तुम्ही रोज वेळेवर पोचत होतात.

तिथे बोलले नाही म्हणून इथे लिहिते. दुसरंही एक कारण आहे. मुलींच्या आया विचारतायत, क्लास पुढे चालू राहणार का. लहान मुलींना मी शिकवतच होते, पण वरच्या मुली तुमच्या, आणि भिंतीजवळची ती जागाही तुमची. मी कुणालाच हो म्हटलेलं नाही. त्या जागेवर बसायच्या आधी तुमच्याशी एक जुना हिशोब बोलायचा आहे, आणि तुम्ही तर निघून गेलात. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, “नले, पाल्हाळ नको. मुखडा घे.” घेते.

आम्ही शिरगाव सोडून बोईसरला राहायला आलो तेव्हा मी चौदा वर्षांची होते. वडील एका नव्या कारखान्यात फिटर म्हणून लागले होते आणि त्याच कारखान्याच्या गेटवर तुम्ही टाइमकीपर होतात. हजेरीची कार्डं तपासायची, उशिरा येणाऱ्यांना दटावायचं आणि पाळी बदलली की भोंगा द्यायचा, हे तुमचं काम. गाण्याची शिकवणी सोमवारी आणि गुरुवारी, धान्याच्या दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत, सकाळपाळी सुटल्यावर. वडिलांना वाटलं, गेटवर ओळख राहील, म्हणून त्यांनी मला तिथे घातलं. कलेची ओढ वगैरे काही नव्हती. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण तुम्ही ओळखलंच होतं. पहिल्याच दिवशी मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणालात, “गानं शिकाचं हाय, का बापाचा लेटमार्क माफ करून घ्याचा हाय?” मी म्हटलं, दोन्ही. तुम्ही हसलात आणि मला तंबोऱ्याशेजारी बसवलंत.

खोलीत पेटी होती, पण खाऱ्या हवेनं तिचे सूर गंजले होते. एक पट्टी दाबली की शेजारची कुरकुरायची. तुमचा तिच्यावर विश्वास नव्हता, तुमचा विश्वास होता भोंग्यावर. महिनाभरानं तुम्ही मला काम नेमून दिलंत. मी शाळेतून सगळ्यांच्या आधी खोलीवर यायचं. तीनला भोंगा होईल, तो काळी चारला लागतो, म्हणजे आम्हा मुलींच्या आवाजाला सोयीच्या पट्टीत. तो चालू आहे तोवर जोडीच्या दोन तारा त्याच्याशी मिळवून घ्यायच्या, बाकीच्या मागाहून. तुम्ही येईपर्यंत तंबोरा बोलता झाला पाहिजे.

भोंगा अर्धा मिनिट चालायचा. तुम्ही टाइम ऑफिसात कडी ओढायचात, तारेनं बॉयलरवरच्या भोंग्याचं तोंड उघडायचं, आणि मैलभरावर मी घाईघाईनं खुंटी पिळायची. बाजारातल्या माणसांना तो भोंगा म्हणजे चहाची वेळ. मला तो षड्ज होता, आणि तो माझ्या गुरूनं तिकडून स्वतःच्या हातानं दिलेला होता. मग साडेतीनला स्कूटर वाजायची, तुम्ही मोरीत हात धुऊन यायचात, उभ्याउभ्याच एकदा तंबोरा छेडायचात आणि म्हणायचात, “लागलाय.” याहून मोठी शाबासकी तुमच्याकडून मी कधी ऐकली नाही. आता सांगते, मला याहून मोठी नकोच होती.

तुमच्या पाळीमुळे आमचं गाणंही पाळीचं झालं. साडेतीनला बसायचं म्हणजे भीमपलास, मुलतानी, पटदीप. बोईसरच्या पोरींना दुपारचे राग झोपेतून उठवून विचारा. सकाळचे मात्र आम्ही शिकलो ते दसऱ्याच्या सुट्टीत, तुमच्या वाडीत, पोफळीखाली चटया टाकून. तोडी म्हटलं की मला अजून काकींच्या हातच्या तांदळाच्या भाकरीचा वास येतो. खंडेनवमीला कारखान्यात सगळे आपापल्या यंत्रांची पूजा करायचे आणि तुम्ही टाइम ऑफिसातल्या त्या कडीला झेंडूचा हार घालायचात. कामगार चेष्टा करायचे. तुम्ही गंभीर चेहऱ्यानं सांगायचात की हा माझा पेटीवाला हाय.

आता तो हिशोब. मी वरच्या परीक्षेला बसले ते वर्ष. केंद्र पालघरच्या एका शाळेत होतं, परीक्षक मुंबईचे. तंबोरा मी आदल्या दिवशी तीनला लावला होता आणि गवसणी घालून तान्ह्या मुलासारखा मांडीवर घेऊन आणला होता. परीक्षकांनी पट्टी विचारली. काळी चार, मी ऐटीत सांगितलं. पेटीवाल्यानं काळी चार धरली, मी तंबोरा छेडला, आणि ऐकवेना. तंबोरा काळी चारला नव्हता, त्याच्या खालच्या पांढऱ्या पाचलाही नव्हता. दोघींच्या मधल्या फटीत कुठेतरी अडकला होता.

कारण मागाहून कळलं. कारखान्याचा बॉयलर जुना झाला होता आणि दुरुस्ती होईपर्यंत वाफ कमी ठेवायचा हुकूम होता. वाफ कमी झाली की भोंग्याचा सूर उतरतो. दिवाळीपासून तो थोडा थोडा उतरत होता, आणि त्याच्याबरोबर मी, माझा तंबोरा आणि खोलीतल्या सगळ्या पोरी उतरत होतो. सगळेच एकत्र उतरले की उतरल्याचं कुणाला कळत नाही. तुम्हालाही कसं कळलं नाही, हे मी तुम्हाला विचारलं नाही. आज विचारते. पण मलाही ठाऊक आहे, तुम्ही त्याच भोंग्याखाली उभे होतात आणि दोन महिने आमच्यासारखेच त्याच्या हाताला धरून चालत होतात.

परीक्षकांनी हात वर करून मला थांबवलं. तंबोरा कशावर लावलाय, म्हणाले. मी म्हटलं, भोंग्यावर. त्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, कारखान्याच्या भोंग्यावर. मग ते हसले, पेटीवाला हसला, दाराशी नंबराची वाट बघत उभ्या असलेल्या मुली हसल्या. माझे कान तापले आणि मी म्हटलं,

“आमच्या बुवांनी सांगितलं म्हणून लावला. त्यांनाच सूर कळत नसेल तर मी काय करू?”

व्हरांड्यात तुम्ही खिडकीला पाठ लावून बसला होतात. खिडकी उघडी होती.

मी तंबोरा बाजूला ठेवला आणि पेटीवर गायले. भीमपलास छान झाला, पहिल्या वर्गात पास झाले. परतताना तुम्ही विचारलंत, बरी गायलीस का. मी म्हटलं, बरी. रस्त्याकडेला पसरलेल्या भाताच्या पेंढ्यांवर तुम्ही बोललात, यंदाच्या पानवेलीवर बोललात, खिडकीतून काय ऐकलं किंवा नाही ऐकलं यावर बोलला नाहीत. तेव्हापासून आजपर्यंत, बुवा, ते वाक्य माझ्या घशात आहे. वरचा षड्ज लावताना अजून कधीकधी आडवं येतं.

परीक्षकांना माझा आवाज आवडला होता. त्यांनी वडिलांना निरोप पाठवला की मुलीला मुंबईला माझ्याकडे शिकायला ठेवा, तिथे भोंग्यावर गाऊन ती फुकट जाईल. मी तुम्हाला विचारायला आले. खरं सांगायचं तर विचारायला नाही, अडवून घ्यायला आले होते. तुम्ही कार्डांचा गठ्ठा जुळवत होतात. वर न बघता म्हणालात, “जा. हितं काय हाय?”

या दोन वाक्यांवर मी तुमच्याशी आयुष्यभर भांडले. तोंडानं कमी, मनातल्या मनात जास्त. हितं काही नाही तर तुम्ही का राहिलात? मला ‘राहा’ म्हणायला काय झालं होतं? कधी वाटायचं, तुम्ही मोठ्या मनानं सोडलंत. कधी वाटायचं, खिडकीतलं ते ऐकून तुमचं मन माझ्यावरून उठलं. दोन्हींतलं खरं कोणतं, ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारायचं धाडस केलं नाही.

मुंबईला मावशीकडे राहून आठ महिने शिकले. त्या गुरूंना मी नावं ठेवणार नाही, विद्या खरी होती. पण आम्ही तिथे पुष्कळजणी होतो. माझं काम मागे बसून तंबोरा धरायचं. आठ महिन्यांत मी तंबोरा उत्तम धरायला शिकले, आणि ते तर मला आधीच येत होतं. एका गुरुवारी मी सकाळीच पिशवी भरली, बोईसरला उतरले आणि घरीही न जाता तीनच्या आत खोलीवर गेले. भोंगा झाला, तारा मिळवल्या. साडेतीनला तुम्ही आलात, मला बघितलंत, हात धुतलेत, तंबोरा छेडलात.

“लागलाय,” म्हणालात, आणि मुलतानी सुरू केलात. मी का परत आले, हे तुम्ही त्या दिवशी विचारलं नाहीत, पुढेही कधी नाही. उत्तर सोपं होतं. मला गायचं होतं, आणि गायला मला इथे मिळत होतं.

पण एक गोष्ट तुमच्यापासून लपवली. मुंबईहून येताना मी सूर सांगणारी एक छोटी शिट्टी आणली होती. तुम्ही यायच्या आधी, भोंग्यावर तंबोरा लावून झाला की मी ती हळूच फुंकून बघायची. पुन्हा फजिती नको. सोमवार-गुरुवार, इतकी वर्षं, दर वेळी शिट्टी पर्समधून काढायची, फुंकायची, परत ठेवायची. भोंगा दर वेळी बरोबर निघायचा, नेमका काळी चार. मला वाटायचं, बॉयलर दुरुस्त झाला, दैव बरं आहे.

मग आपण दोघांनी मिळून जी काही गाणी केली, ती शोकसभेत कुणाला मोजता आली नाहीत. केळव्याच्या देवीच्या उत्सवात, पालघरच्या रामनवमीला, तारापूरच्या वसाहतीतल्या गणपतीपुढे, कुणाच्या बारशाला, कुणाच्या वाडीत नवी विहीर झाली म्हणून. एकदा सातपाटीला मासळीच्या लिलावाच्या ओट्यावर बसून गायलो आणि समोरच्या बायका टोपल्यांवर समेला हात मारत होत्या. बरोबर समेला, बुवा. मुंबईच्या सभागृहात मी इतकी अचूक सम पुष्कळदा ऐकलेली नाही.

भांडण झालं ते एका शब्दावरून. मंडळांच्या फलकावर वर मोठ्या अक्षरात बाहेरच्या पाहुण्याचं नाव असायचं, ‘प्रमुख कलाकार’. खाली बारीक अक्षरात आपण, ‘स्थानिक कलाकार’. आपण गायचं ते लोक खुर्च्या मांडत असताना, आणि माइकवरून मधेच कुणाच्या तरी हरवलेल्या चपलेची चौकशी. एका वर्षी मी हट्टाला पेटले. स्थानिक हा शब्द काढल्याशिवाय मी बसणार नाही, असं मंडळाला कळवून टाकलं. तुम्ही मला वाडीवर बोलावून घेतलंत. पानवेलीला पाणी सोडत होतात. म्हणालात, “सुरालाबी ठिकान असतं का नाय? आपन त्याला स्वरस्थान म्हनतो. ठिकान सोडलं का सूर गेला. मंग स्थानिक वाईट कसा?”

मी म्हटलं, शब्दांचे खेळ करून तुम्ही नेहमी निसटता. हितं काय हाय म्हणायचं आणि हितलंच नाव मिरवायचं, हे दोन्ही एकदम कसं चालतं? तुम्ही पाटाचं पाणी दुसऱ्या ओळीकडे वळवलंत आणि म्हणालात, “चालतं.” त्या वर्षी मी बसले नाही. तुम्ही एकटे बसलात, खुर्च्यांच्या खडखडाटात पटदीप गायलात, आणि मी मागे उभी राहून सगळा ऐकला. चपलेची चौकशी झाली तेव्हा तुम्ही ताना थांबवल्यात, चप्पल सापडेपर्यंत नुसता षड्ज धरून ठेवलात, आणि मग तिथूनच पुढे गेलात. पुढच्या वर्षी मी मुकाट्यानं शेजारी येऊन बसले. फलकावर स्थानिकच होतं.

तुमच्या तेराव्याला पंगतीत माझ्या शेजारी यादव येऊन बसला. बॉयलरवरचा यादव, तुमचा जुना सोबती. जेवता जेवता हळूच म्हणाला, दीदी, कारखान्यात रंगकाम काढलंय, बॉयलरही रंगवणार.

“वो निशान रखूँ कि मिटा दूँ?”

कसलं निशाण, मी विचारलं. त्याला वाटत होतं, मला माहीत आहे. मग सांगू लागला. सोळा-सतरा वर्षांपूर्वी एक दिवस तुम्ही बॉयलर हाऊसमध्ये आलात, हातात मागून आणलेली एक चांगली पेटी. वाफ वरखाली करायला लावून पुन्हा पुन्हा भोंगा वाजवलात, साहेबाच्या शिव्या खाल्ल्यात, आणि सूर जिथे काळी चारला जुळला तिथे वाफेच्या काट्याच्या तबकडीवर लाल रंगानं रेघ मारलीत. यादवला म्हणालात, तीनच्या भोंग्याला काटा ह्या रेघेवर पायजे, एका पोरीची परीक्षा बिघडलीय. त्या दिवसापासून रोज पावणेतीनला तुम्ही गेट सोडून बॉयलरपर्यंत चालत जायचात, काटा बघायचात आणि परत येऊन कडी ओढायचात. उन्हातान्हात, पावसात, ताप असतानाही.

माझ्या पानातला भात तसाच राहिला, बुवा. म्हणजे खिडकीतून तुम्ही ऐकलं होतंत. ऐकलंत, एक अक्षर बोलला नाहीत, आणि माझ्या उद्धटपणाचं उत्तर रेघ मारून दिलंत. मी मुंबईत होते ते आठ महिनेही तुम्ही तो काटा बघत होतात, माझ्या जागी दुसरी कुणी तंबोरा लावत असेल तिच्यासाठी. आणि मी परत आल्यावर दर सोमवार-गुरुवार शिट्टी फुंकून तुमची परीक्षा घेत होते. तुम्ही दर वेळी पास होत होतात आणि मी ते दैवाच्या नावावर टाकत होते. माझं चुकलं. त्या दिवशी चुकलं, आणि त्यानंतर रोज चुकलं. हे तुमच्यासमोर म्हणायला हवं होतं. आता माहीमच्या समुद्राकडे तोंड करून म्हणते आहे, त्याचा काय उपयोग, पण म्हणते आहे.

यादवला मी ‘मग सांगते’ म्हटलं. इथवर लिहून कागद बाजूला ठेवला आणि त्यानंतरच्या गुरुवारी खोलीवर गेले. वरच्या मुली मी काही ठरवायच्या आधीच येऊन बसल्या होत्या. मी तंबोरा मांडीवर घेतला. तीनला भोंगा झाला. कडी आता दुसऱ्या कुणाच्या हातात आहे, त्याला तो फक्त पाळीचा भोंगा. जोडीची पहिली तार मिळवायला घेतली आणि हात थांबला. भोंगा उतरलेला होता. फार नाही, अगदी थोडा, पण उतरलेला. सोळा-सतरा वर्षांपूर्वी मला जे ऐकू आलं नव्हतं ते या वेळी स्पष्ट ऐकू आलं.

शिट्टी पर्समध्ये होती आणि पर्स हाताच्या अंतरावर होती. मी ती काढली नाही. भोंगा वाजत असतानाच तार त्याच्यापेक्षा किंचित वर नेली आणि जिथे ती असायला हवी तिथे ठेवली. मग उठले, भिंतीजवळच्या तुमच्या जागेवर जाऊन बसले आणि मुलींना भीमपलास दिला. त्या गायल्या. आयांना दारातच सांगून टाकलं, क्लास सोमवारी आणि गुरुवारी, साडेतीनलाच.

जाताना गेटवर यादवला बोलावून घेतलं. विचारलं, आज काटा निशाणाच्या खाली होता का. त्यानं कान पकडले. हो दीदी, कोळसा ओला होता, वाफ चढेना. पण आपको किसने बताया? मी म्हटलं, निशाण मिटवू नकोस, आणि सोमवारी नीट बघ.

बुवा, गुरुवारी भोंगा उतरला होता. तंबोरा लागलाय.